कासेला हात लावून बघा : घोडीच्या गाठींबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे दरवर्षी खुरांचे प्रश्न येतात. या वेळी मात्र कासेबद्दलची पत्रे जास्त आली. घोडी हे दुधाचे जनावर नाही, म्हणून तिच्या कासेकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. गाय-म्हशीची कास दिवसातून दोनदा हाताखालून जाते, घोडीची महिनोन्महिने जात नाही. मग एक दिवस गाठ हाताला लागते आणि ती चार दिवसांची की चार महिन्यांची, हे मालकालाही सांगता येत नाही. डॉक्टर नेमके तेच पहिल्यांदा विचारतात.

प्रश्न (मालाड) : आमच्याकडे रायडिंगला चालणारी नऊ वर्षांची घोडी आहे. तीन वर्षांपूर्वी व्यायली होती, आता दूध नाही. आंघोळ घालताना मोतद्दाराच्या हाताला कासेच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी टणक गाठ लागली. ती तिथे हात लावू देत नाही आणि मागचा डावा पाय जरा ओढते. दूध नसताना दगडी होते का?

उत्तर : होते. दगडी म्हणजे कासदाह. गाईंच्या मानाने घोडीत कमी दिसतो, पण भाकड घोडीलाही होतो, न व्यायलेल्या घोडीलाही होतो. एका बाजूची टणक, गरम, दुखरी गाठ आणि त्याच बाजूचा पाय आखडणे, ही लक्षणे एकत्र असतील तर पहिला संशय दगडीचाच घ्यावा. बरेच जण पाय ओढतेय म्हणून आधी नालबंदाला बोलावतात. मागचा पाय पुढे टाकताना मांडी कासेला घासते, म्हणून ती पाऊल आखूड टाकते. खुरात काही सापडत नाही आणि चार दिवस फुकट जातात.

आधी ताप बघा. घोडीचे तापमान ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते. उन्हातून किंवा कामावरून आली असेल तर तासभर सावलीत उभी करून मग थर्मामीटर लावा, नाहीतर मे महिन्यातल्या मुंबईत प्रत्येक घोडीला ताप निघेल. विश्रांतीनंतरही १०१.५ च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर हवा. ताप नाही म्हणून दगडी नाही, असे मात्र समजू नका.

आता कास तपासण्याबद्दल. दुखऱ्या कासेची घोडी एरवी कितीही गरीब असली तरी लाथ मारू शकते. डोक्याशी एक माणूस हवाच आणि तो तपासणाऱ्याच्याच बाजूला उभा हवा. घोडी उसळली तर तो तिचे डोके आपल्याकडे खेचतो, त्याने तिचा मागचा भाग तुमच्यापासून लांब जातो. तुम्ही तिच्या बरगडीला खांदा लावून, तोंड शेपटीकडे करून उभे राहा. हात पाठीवरून कुशीवर, कुशीवरून पोटाखाली आणि मग कासेवर, न उचलता सरकवत न्या. एकदम खालून हात घातलात तर तिला माशी चावल्यासारखे वाटते.

घोडीला कासेचे दोन भाग आणि दोनच सड. निरोगी भाकड कास मऊ, सैल, थंड लागते, रिकाम्या कापडी पिशवीसारखी. दोन्ही बाजू एकाच वेळी दोन हातांत धरून तुलना करा. दोन्हीकडे सारखाच मऊ भरीवपणा आणि घोडी अंगाने सुटलेली, तर ती बहुतेक चरबी असते. एकीकडे गरम आणि टणक, तर ती चरबी नव्हे. पोटाखाली कासेच्या पुढे बोट दाबून धरा. खड्डा पडून तसाच राहिला तर सूज पुढे पसरली आहे.

मग सड स्वच्छ पुसून हलकेच पिळून बघा, एकदाच. पाण्यासारखे पिवळट, दह्यासारखे गुठळ्यांचे किंवा रक्ताळलेले काही आले तर संसर्ग समजून चाला. काहीच आले नाही तर पुन्हा पुन्हा पिळत बसू नका. जोर लावून पिळल्याने आतली नाजूक नळी सुजते आणि तपासणीचा नमुनाही बिघडतो. नमुना डॉक्टरच घेतात. सडाचे टोक स्पिरिटने पुसायचे, पहिल्या एक-दोन धारा सोडून द्यायच्या आणि पुढची धार निर्जंतुक बाटलीत धरायची. घोडीत बहुधा स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू सापडतात. कधी स्टॅफिलोकोकस, ई. कोलाय किंवा क्लेबसिएला निघतात आणि तेव्हा औषध बदलते. म्हणून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना जाणे महत्त्वाचे.

सगळ्यात जास्त चूक होते ती गाईच्या ट्यूबची. शेजारच्या म्हशींच्या तबेल्यातून कासेत सोडायची ट्यूब आणतात आणि चढवतात. घोडीच्या एका सडाला साधारण दोन छिद्रे असतात, कधी तीन, आणि प्रत्येक छिद्र आतल्या वेगळ्या कप्प्याचे असते. एका छिद्रातून औषध घातले तर शेजारचा कप्पा तसाच सडत राहतो. छिद्रेही गाईपेक्षा बारीक असतात, जाड टोक आत घुसवले की अस्तर फाटते. शिवाय गाईच्या काही ट्यूबमध्ये लिंकोमायसिन असते. त्या गटाच्या औषधांनी घोड्याच्या मोठ्या आतड्यातले उपयोगी जंतू मरून जीवघेणा जुलाब लागू शकतो. म्हणून घोडीत मुख्य उपचार इंजेक्शनने किंवा तोंडावाटे होतो, आणि ट्यूब वापरायचीच ठरली तर ती डॉक्टरच्या हातूनच.

तुमच्या हातात असलेले काम शेकाचे. कोपराला सोसेल इतक्या गरम पाण्यात जाड टॉवेल बुडवून पिळा आणि १५ ते २० मिनिटे धरा. निवला की बदला. दिवसातून तीन-चार वेळा. शेकानंतर सैल झालेल्या कासेतला द्रव डॉक्टरने दाखवल्याप्रमाणे काढून टाका, पण तबेल्याच्या जमिनीवर नाही, डब्यात. नंतर दहा-पंधरा मिनिटे हळू चालवा, चालण्याने सूज उतरते. खोगीर मात्र नको. वेदनेचे औषध वजनावर ठरते, म्हणून वजन काढून ठेवा. खोगिराचा पट्टा (तंग) बसतो तिथला छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे २६५ किलो. ‘साधारण घोड्याचा’ डोस अशा लहान चणीच्या घोडीला दिला की पोटात आणि आतड्यात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो.

उपचार लागू पडला तर दोन-तीन दिवसांत ताप आणि दुखणे कमी व्हायला हवे. गाठ विरायला त्याहून वेळ लागतो, पण ती लहान होत जाताना दिसली पाहिजे. औषधांचा पूर्ण कोर्स होऊनही गाठ तेवढीच राहिली, वरची कातडी फुटली आणि जखम भरेना, तर दगडी म्हणून तिसरे अँटिबायोटिक मागू नका. घोडीत कासेचा कर्करोग दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा तो बहुधा पसरणाऱ्या जातीचा असतो आणि सुरुवातीला हुबेहूब दगडीसारखा दिसतो. सोनोग्राफी आणि गाठीचा तुकडा काढून तपासणी, हाच पुढचा रस्ता. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि त्याच आवारातले ‘बैलघोडा’ हॉस्पिटल मुंबईकरांना ठाऊक आहेच.

प्रश्न (जुहू) : लग्नाच्या वरातीची पांढरी घोडी, वय १४. कासेच्या बाजूला मांडीच्या आत वाटाण्याएवढ्या तीन-चार गाठी आहेत, दुखत नाहीत. शेपटीखालीही एक आहे. एकाने घोड्याचा केस आवळून बांधायला सांगितले, दुसऱ्याने चुना लावायला.

उत्तर : दोन्ही करू नका. का, ते पुढे येतेच.

आधी तिला ओली करा आणि कातडी बघा. पांढऱ्या केसांखाली कातडी काळी असेल, तर ती जन्मतः पांढरी नाही. लहानपणी गडद रंगाची होती आणि वयाने पांढरी झाली. याला सब्जा म्हणतात. अशा घोड्यांत पंधराव्या वर्षाच्या पुढे मेलॅनोमा, म्हणजे काळ्या रंगद्रव्याच्या गाठी, फार सर्रास आढळतात, दहातल्या आठांना. जागा ठरलेल्या असतात : शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, ओठांवर, कानामागे, कधी कासेवर. गाठ काळी, गोल, घट्ट आणि गुळगुळीत असते. वर्षानुवर्षे तशीच राहते आणि मग कधीतरी वाढायला लागते. तुमच्या घोडीचे वय आणि शेपटीखालची गाठ बघता शक्यता याच बाजूला झुकते. लहान असतानाच काढलेल्या गाठीची जखम लहान राहते. शेपटीखाली किंवा गुदद्वाराजवळ मुठीएवढी झाली की काढणेही अवघड, म्हणून ‘दुखत नाही ना’ म्हणून सोडून देऊ नका.

कातडी गुलाबी असेल, तर ती नुकरा. नुकऱ्यात मेलॅनोमापेक्षा उन्हाचा त्रास मोठा. गुलाबी कातडीवर न भरणारी, कडा उचललेली, रक्ताळणारी जखम दिसली, विशेषतः डोळ्यांभोवती आणि शेपटीखाली, तर तो कातडीचा कर्करोग असू शकतो. तिथे महिनाभर मलम लावत थांबणे धोक्याचे.

आणि कुठल्याही रंगाच्या घोडीला होणारी तिसरी गोष्ट म्हणजे सारकॉइड, कातडीची एक गाठ. हा मांडीच्या आत, कासेभोवती आणि पोटाखाली फार आढळतो. कधी केस गळून खरखरीत चट्टा, कधी कातडीखाली सुटी गोळी, कधी फ्लॉवरसारखा मांसल गड्डा. याच्यामागे गाई-म्हशींच्या चामखिळीचा विषाणू असतो आणि माश्यांमार्फत तो पसरत असावा असे मानतात. मुंबईत घोडे आणि म्हशी भिंतीला भिंत लावून बांधलेले असतात, तेव्हा हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सारकॉइडला अर्धवट डिवचले की तो चवताळतो. केस बांधून वरचा भाग गळून पडतो, मूळ आत राहते आणि वाटाण्याच्या जागी दोन महिन्यांत लिंबू येते. चुन्याने तेच होते, वर कासेची कोवळी कातडी भाजते ते वेगळे. काढायचा तर भोवतालच्या निरोगी कातडीसकट पूर्ण काढायचा किंवा गोठवायचा, आणि ते ठरवायला आधी डोळ्यांनी नीट बघणारा डॉक्टर लागतो. तोवर प्रत्येक गाठीशेजारी एक रुपयाचे नाणे धरून फोटो काढा, दर पंधरा दिवसांनी. वाढ मोजायला याहून सोपे साधन नाही.

प्रश्न (माथेरान) : घोडी शेपूट घासून घासून केस काढते. जंताचे औषध दोनदा दिले, फरक नाही.

उत्तर : दोन सडांच्या मधली घडी उघडून बघितलीत का? तिथे घाम, तेल, मेलेली कातडी आणि लाल धूळ मिळून काळपट, मेणचट थर साचतो. बोटाने काढला तर लाटलेल्या मेणासारखी वळी निघते, वास आंबूस. खाज तिथे असते, तिथवर तिचे तोंड पोहोचत नाही, म्हणून ती शेपूट झाडाला घासते. हाच वाळलेला गोळा पुष्कळांना ‘गाठ’ वाटतो.

कोमट पाणी, स्पंज आणि अगदी थोडा सौम्य बेबी सोप. आधी पाच मिनिटे नुसत्या ओल्या कापडाने भिजवा किंवा थोडे खोबरेल तेल लावून ठेवा, थर आपोआप सुटतो. नखाने खरवडू नका. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि घडी कोरडी टिपून घ्या. ओली राहिली तर पावसाळ्यात बुरशी धरते. डेटॉलसारखे जंतुनाशक तिथे नको, कातडी सोलते. महिन्यातून एकदा पुरे, खूप घाम येणाऱ्या घोडीला पंधरा दिवसांनी. धुताना गोचीडही तिथेच सापडतात. फरक पडला नाही तर मग जंत, चिलटांची अ‍ॅलर्जी वगैरे बघू.

प्रश्न (कुर्ला) : दोन महिन्यांपूर्वी बाजारातून घोडी आणली. मागच्या पायाच्या आतून कासेकडे जाणारी गाठींची ओळ आली आहे. दोन फुटल्या, मधासारखा चिकट पू येतो. नाकही वाहते.

उत्तर : हे पत्र मिळाले त्याच दिवशी आम्ही फोनवर उत्तर दिले. इथे सगळ्यांसाठी देतो. माळेसारख्या ओळीत येणाऱ्या, फुटून मधासारखा स्राव देणाऱ्या गाठी आणि वाहते नाक म्हणजे ग्लँडर्सचा संशय. घोड्यांचा हा जंतुजन्य, संसर्गजन्य रोग माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. गाठी दाबू नका, धुऊ नका, पट्टी बांधायला जाऊ नका. घोडीला वेगळ्या जागी बांधा. बादली, खरारा, लगाम, सगळे तिचे वेगळे. एकच माणूस तिच्याजवळ जाईल, हातमोजे आणि मास्क घालून, आणि त्याच्या हातावर जखम नसावी.

लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणे कळवणे बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. निकाल येईपर्यंत घोडी जागेवरून हलवायची नाही, वरातीला नाही आणि हॉस्पिटललाही नाही. रोग ठरला तर उपचार करत नाहीत, जनावराला वेदनारहित मरण देतात आणि मालकाला शासनाकडून भरपाई मिळते. हे ऐकायला फार जड आहे, आणि म्हणूनच काही जण रात्रीतून घोडी विकून टाकतात. त्या एका विक्रीने दुसऱ्याचे अख्खे ठाण आणि त्याच्या घरातली माणसे धोक्यात येतात. तिच्याजवळ वावरलेल्या कुणालाही ताप, खोकला किंवा न भरणारा फोड आला तर डॉक्टरला ‘घोड्याजवळ काम करतो’ हे आधी सांगा. बुरशीच्या एका रोगातही अशाच गाठी येतात. निकाल तो निघो, अशीच आमचीही इच्छा आहे.

प्रश्न (कर्जत) : घोडी गाभण आहे, भरवून २७५ दिवस झाले. कास अचानक भरली आणि दूध ठिबकते आहे. लवकर विणार का?

उत्तर : ही आनंदाची खूण नाही. घोडीचे दिवस साधारण ३४० भरतात, ३२० ते ३६५ पर्यंत चालते. कास शेवटच्या दोन ते सहा आठवड्यांत भरते आणि सडाच्या टोकाला मेणासारखे थेंब विण्याच्या एक ते चार दिवस आधी दिसतात. तुमच्या घोडीला दोन महिन्यांहून जास्त अवकाश आहे. इतक्या आधी दूध उतरण्याची दोन मोठी कारणे म्हणजे वारेचा संसर्ग आणि जुळे. संसर्ग योनीमार्गातून वर चढतो, वार सुजते आणि गर्भाचे पोषण तुटते. ३०० दिवसांच्या आत जन्मलेले शिंगरू क्वचितच जगते, त्यामुळे एकेक दिवस मोलाचा.

आजच सोनोग्राफी करून घ्या. गुदमार्गातून बघताना गर्भाशय आणि वार यांची एकत्र जाडी मोजतात. २७१ ते ३०० दिवसांत ती ८ मिलिमीटरच्या आत हवी, ३०१ ते ३३० मध्ये १० च्या आत. जास्त असेल तर अँटिबायोटिक, सूज कमी करणारी औषधे आणि गर्भ टिकवणारे हार्मोन लगेच सुरू होते आणि अशा कितीतरी घोड्या दिवस भरेपर्यंत पोहोचतात. योनीतून पू येतो का हे शेपटीच्या आतल्या बाजूला बघा, तिथे तो वाळून चिकटतो.

कास पिळून ‘मोकळी’ करू नका. जे ठिबकते आहे तो चीक असू शकतो, आणि शिंगराला रोगाशी लढायची ताकद फक्त चिकातून मिळते, पोटात असताना नाही. जन्मल्यानंतर पहिल्या सहा-आठ तासांत एक ते दोन लिटर चीक पोटात जायला हवा, २४ तासांनंतर आतडे तो शोषत नाही. तुमच्या घोडीचा चीक गळून गेला असेल असे धरूनच तयारी करा. ओळखीच्या स्टडमध्ये नुकत्याच व्यायलेल्या घोडीचा, तिचे शिंगरू पिऊन झाल्यावर काढलेला पाव लिटर चीक उणे २० अंशांवर गोठवून ठेवता येतो. वितळवायचा तो कोमट पाण्यात, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. शिंगरू तासात उभे राहावे, दोन तासांत प्यावे, तीन तासांत वार पडावी. दुसऱ्या दिवशी, १८ ते २४ तासांच्या दरम्यान, शिंगराच्या रक्तातले आयजीजी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, तपासून घ्या. ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर निश्चिंत व्हा, ४०० च्या खाली गेले तर प्लाझ्मा लागेल.

प्रश्न (ठाणे) : शिंगरू पाच महिन्यांचे झाले, परवा दुधापासून तोडले. घोडीची कास दगडासारखी झाली आहे. पिळून काढावे का?

उत्तर : नाही. दूध काढत राहिलात तर कास दूध बनवत राहते. आतला दाबच तिला आटायला सांगतो. तीन ते पाच दिवस कास घट्ट राहील, मग उतरायला लागेल आणि दोन आठवड्यांत सैल होईल. शिंगरू तोडण्याच्या आधी आठवडाभर चंदी (दाणा) कमी करायला हवी होती. आता निदान पूर्ण बंद करा, नुसते वाळके गवत आणि पाणी द्या आणि सकाळ-संध्याकाळ चालवा. गाई-म्हशींची किंवा कोंबड्यांची तयार पेंड तर कधीच नको. त्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचे औषध असते आणि ते थोडेसेही घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करते.

दोन्ही बाजू सारख्या घट्ट असतील तर हे आटणेच आहे. एकच बाजू तापली, घोडी चारा सोडून उभी राहिली किंवा पाय आखडला, तर ती तोडण्यानंतरची दगडी, आणि ती याच दिवसांत जास्त होते. म्हणून पुढचे दोन आठवडे चारा टाकायला जाल तेव्हा उलटा हात दोन्ही बाजूंना लावून बघत जा. उष्णतेतला फरक तळव्यापेक्षा हाताच्या मागच्या बाजूला लवकर कळतो.